वाचनालयात इंटरनेटचा वर्ग घ्यायचाय, तुकड्या वयाप्रमाणे पाडू का?

खाडीकाठची (देवगड तालुका)

नमस्कार. देवगड तालुक्यात खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. एसटी स्टँडसमोर माझं सेवा केंद्र आहे: दाखले, सातबारा, झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. गावच्या वाचनालयाने यंदा पावसात रविवारी इंटरनेटचा वर्ग घ्यायचं काम माझ्या गळ्यात घातलंय. कमिटीने वेळापत्रकही करून दिलं. शाळकरी पोरं सकाळी नऊला, कॉलेजवाले दहाला, तिशी ते पन्नाशी अकराला, साठीच्या वरचे दुपारी चारला चहासकट. कोणाला काय शिकवायचं तेही लिहिलंय. पोरांना अभ्यासाच्या साइट, तरुणांना नोकऱ्या, मधल्यांना बँकेचे व्यवहार, म्हाताऱ्यांना व्हिडिओ कॉल.

कागद वाचायला झकास आहे. माझ्या काउंटरवर मात्र माणसं अशी वयवार येत नाहीत.

आमच्या वाडीत एक आजी आहे, शाळेची पायरी चढलेली नाही. ती यूट्यूबच्या माइकवर बोट ठेवून 'डबलबारी' म्हणते आणि हवी ती भजनाची बारी लावून ओले काजूगर काढत बसते. दशावतार हवा असेल तर मंडळाचं नाव घेते. कुठल्या चॅनेलवर आवाज फाटतो हे मला तिने सांगितलंय. मराठीत बोलून गूगलवर शोधायची सोय २०१७ मध्ये आली तेव्हा मला वाटलं होतं, टाइप करायचा कंटाळा असणाऱ्यांसाठी असेल. हिला चारच्या तुकडीत बसवून मी काय शिकवू?

उलट तिचा नातू. एकोणीस वर्षांचा. रील कापणं, गाणं बसवणं, अक्षरं नाचवणं, सगळं चहा निवायच्या आत. पण भरतीच्या फॉर्मला फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी मागितली की फोन घेऊन माझ्याकडे. ईमेलचा पासवर्ड विचारला तर माहीत नाही, फोन घेतला तेव्हा दुकानदाराने उघडून दिलेलं खातं. फोन बदलला की खातं नवीन, जुन्या अर्जाचे मेल जुन्या खात्यात पडून. त्याला नोकरीच्या साइट दाखवायच्या म्हणे. साइट त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत, टेलिग्रामवर पीडीएफचा ढीग आहे. त्याचं अडतं फाइल कुठे सेव्ह झाली इथे.

आणि जी गोष्ट कागदात कुठेच नाही ती ही: आमच्याकडे फोनवरचं एक काम एका माणसाचं नसतं. खातं आईचं, सिम मुलाच्या नावावर, रिचार्ज तो मुंबईतून मारतो, बटणं दाबतो शेजारचा पोर. आधारला नंबर जोडला तेव्हा घरात मोबाईल एकच, तोही मुलाचा. म्हणून ओटीपी जातो डोंबिवलीला. मुलगा नाइट करून झोपलेला. मी फोन लावते, त्याची बायको त्याला उठवते, तो डोळे चोळत आकडे सांगतो, तोवर मुदत संपते. मग पुन्हा. जुलै २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे अर्ज सुरू झाले तेव्हा २१ ते ६५ वयाच्या बायका माझ्या दारात एकाच रांगेत होत्या. एकवीसच्या सुनेचं आणि पासष्टच्या सासूचं एकाच जागी अडत होतं, नंबर दुसऱ्याचा. अशी बाई 'इंटरनेट वापरणारी' धरायची की न वापरणारी?

नोव्हेंबरात हयातीचे दाखले. काजूच्या कारखान्यात राबलेल्या बायकांची बोटं चिकाने झिजलेली, अंगठा मशीन घेतच नाही. चेहऱ्यावरून दाखला काढायची सोय २०२१ पासून आहे, म्हणून आता त्यांना अंगणात उजेडात बसवते आणि पापण्या मिटा-उघडा म्हणते. एक जण तर दर वर्षी त्यासाठी नवीन लुगडं नेसून येते. जाऊ दे, विषय तो नाही.

विषय पिनचा. माझ्याकडे येणाऱ्या साठीच्या पुढच्या बऱ्याच जणींचा यूपीआय पिन नातवंडाला पाठ आहे. एक तर दुकानात सगळ्यांसमोर मोठ्याने सांगते. मी वर्गात 'पिन कोणाला सांगू नका' म्हणणार, त्या माना डोलावणार, आणि पायरी उतरल्या की नातवाला म्हणणार, 'रे, गॅसचे पैसे भर.' पिन सांगायचा नाही तर पैसे भरायचे कोणी, याचं उत्तर दिल्याशिवाय तो उपदेश करायला मला लाज वाटते.

तर तुकड्या वयाप्रमाणे ठेवू की मोडू? मोडल्या तर कशावर पाडू? आपल्या बाजूला कोणी असं काही केलं असेल तर लिहा. 'म्हाताऱ्यांना स्मार्टफोनच देऊ नका' हे उत्तर नको, ते मला काउंटरवर रोज फुकट मिळतं.

---

होडीवाला (मालवण)

ताईनू, धंद्याप्रमाणे पाडा. वय बघू नका.

मी ४८, बाबा ७५. दोघांचा इंटरनेट एकच, वारा. मी रात्री विंडी ॲपवर वारा आणि लाट बघतो. हैदराबादच्या इन्कॉइसकडून, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून, मासळी कुठे लागायची शक्यता आहे त्याची माहिती येते. बंदरापासून दिशा, अंतर, पाणी किती खोल. उपग्रह समुद्राच्या पाण्याची ऊब आणि त्यातलं शेवाळ बघतो, त्यावरून काढतात. ढग भरले की उपग्रहाला दिसत नाही आणि माहिती बंद.

बाबा मोबाईलला हात लावत नाहीत. तांडेल म्हणून, होडीचा म्होरक्या म्हणून जन्म गेला. पण पहाटे उठून पहिलं विचारतात, 'मोबाईल काय म्हणता?' मी सांगतो. ते बाहेर जाऊन आभाळ बघतात, माडाची झावळं बघतात. दोघांचं जुळलं नाही तर होडी जात नाही. आता सांगा, बाबा इंटरनेट वापरतात की नाय? तुमच्या कागदात खंय बसवतलास त्यांका?

पोरगा २१ चा. धंद्यावर येतो, पण तो वारा बघत नाही, लिलाव बघतो. देवगडला सुरमई काय भावाने गेली, इथे काय, हे माल उतरायच्या आधी त्याला माहीत असतं. आणि एलईडीवाले, म्हणजे दिव्यांच्या झोतावर बेकायदा मासे मारणारे, दिसले की व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतो. तो आमच्या आरडाओरड्यापेक्षा जास्त चालतो.

एक गोष्ट नक्की शिकवा. बाहेर गेल्यावर रेंज जाते, तेव्हा जे बघायचं ते किनाऱ्यावर बघून स्क्रीनशॉट काढून ठेवायचा. आमच्यातल्या कितीतरी जणांना स्क्रीनशॉट काढता येत नाही, वय काहीही असो.

आणि वर्ग १ जून ते ३१ जुलैच्या आत घ्या. मासेमारी बंद असते, माणसं जाळी दुरुस्त करत घरी असतात. ऑगस्टात आमचो कोण येवचो नाय.

---

निवृत्त गुरुजी (वेंगुर्ले तालुका)

ताई, मी प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालो, वय ७१. वर्ग लावण्यात आयुष्य गेले म्हणून लिहितो. वरील बंधूंशी मी सहमत नाही. ज्येष्ठांना वेगळेच बसवा.

कारण अडाणीपणा हे नव्हे. कारण लाज. ज्यांच्या वडिलांना मी पाढे शिकवले त्या चौदा वर्षांच्या मुलापुढे 'मागे कसे जायचे' हे मला विचारवत नाही. घरी नातवाला विचारावे तर तो 'द्या इकडे' म्हणतो, फोन घेतो, काम करतो, परत देतो. अंगठा इतका भरभर चालतो की काय केले ते दिसतही नाही. काम झाले, शिकणे राहिले. शाळेत एखाद्या मुलाचे गणित मीच सोडवून त्याच्या हातात दिले असते तर तपासनीसांनी माझी वेतनवाढ रोखली असती.

दुसरे, आम्हांला व्हिडिओ कॉल शिकवा असे जो तो म्हणतो. मी या वाटेला गेलो तो सातबाऱ्यासाठी. आमची जमीन सामायिक. उताऱ्यावर मयत धरून किती नावे आहेत ते येथे लिहीत नाही. महाभूलेखवर उतारा घरबसल्या दिसतो आणि डिजिटल सहीचा १५ रुपयांत उतरवता येतो, हे कळल्यापासून माझी पहाट त्यातच जाते. चार वाजता जाग येते, घर झोपलेले असते, मी गट क्रमांक टाकत बसतो. आपला, मग भावाचा, मग ज्याच्याशी बोलणे नाही त्याचा. सौ. याला व्यसन म्हणतात. माझ्या बरोबरीचे जे कोणी फोन वापरतात, त्यांतल्या बहुतेकांना हीच धास्ती आहे की मुंबईच्या पुतण्याने परस्पर काही केले तर नाही ना. तेव्हा चौथ्या तुकडीला उतारा वाचायला शिकवा, फेरफार कसा पाहायचा ते शिकवा. ई-पीक पाहणीही शिकवा, २०२१ पासून ती शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची आहे. आमच्याकडे आंब्याची कलमे आहेत तिथेच उभे राहून फोटो काढावा लागतो आणि नेमकी तिथे रेंज नसते, हा भाग निराळा.

आणि एक गंभीर गोष्ट. माझ्या परिचयातील एका निवृत्त गृहस्थांना व्हिडिओ कॉल आला. समोर गणवेशातील माणूस, मागे कार्यालय. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, तुम्हांला 'डिजिटल अटक' झाली आहे, कॅमेऱ्यापुढून हलू नका. गृहस्थ हलले नाहीत. जेवले नाहीत. पोलिसांशी उलट बोलू नये, विचारले ते खरे सांगावे, हे त्यांच्या हाडीमांसी खिळलेले. ते वाचले कारण दुपारी पावसात वीज गेली, वायफाय बंद पडले आणि शेजारी 'तुमच्याकडे पण गेली का' विचारत आत आला. आपल्या कायद्यात अशी अटक नाही, आणि पैसे गेले तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या फोन क्रमांकावर कळवावे, एवढे तरी प्रत्येक ज्येष्ठाला पाठ करवा. हे तरुणांना फसवत नाहीत असे नव्हे. परंतु तरुण माणूस पोलिसाचा फोन कापून टाकतो. आम्ही 'साहेब, थांबा, चष्मा घेतो' म्हणतो.

---

पावसाळी बेडूक (रत्नागिरी)

वय २०, कॉलेज रत्नागिरीला, घर राजापूर तालुक्यात.

गुरुजी, 'द्या इकडे' आईला वाचून दाखवलं. ती हसली ते माझ्याकडे बघून. पण आमची पण बाजू ऐका. आजोबांना एक बटण दाखवलं की ते बटण तिथेच का, वरती का नाही, हे कोणी ठरवलं, असे प्रश्न येतात आणि माझी गाडी स्टँडवर लागलेली असते.

कमिटीने तरुणांपुढे 'नोकऱ्या' लिहिलंय त्याचं हसू आलं. गावात कुठेही गेलं, देवळात, दुकानात, एसटीत, पहिला प्रश्न 'तू कोणाची गो?' इन्स्टावर तो कोणी विचारत नाही, म्हणून आम्ही तिथे असतो. माझी दोन अकाउंट आहेत. एकावर काका, मामा, अख्खी वाडी. तिथे गणपती, समुद्र, आंब्याच्या पेट्या. दुसऱ्यावर मी काढलेली चित्रं. त्यात बाबांना न आवडण्यासारखं काहीच नाही, पण ते कोणाच्या तरी मुलीने काढलेलं नाही, मी काढलेलं आहे. ताई, तुमच्या काउंटरवर हे येणार नाही, कारण हे करायला आम्हांला फॉर्म भरावा लागत नाही.

पोरं आपोआप शिकतात हेही खरं नाही. २०२० मध्ये माझी दहावी सुरू झाली ती सड्यावर, घरात रेंज नाही म्हणून पाट आणि छत्री घेऊन. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपवरचे धड्यांचे व्हिडिओ लागतात हे मला तिथे कळलं, तेही वर्गातल्या मैत्रिणीने सांगितलं म्हणून. तोवर तो छपाईचा काहीतरी शिक्का असेल असं वाटायचं. माझा भाऊ आता सातवीत आहे, फ्री फायर मॅक्समधल्या सगळ्या बंदुका सांगतो, कोड अजून त्यानेही स्कॅन केलेला नाही.

वर्गाची खरी गरज आहे ती ३५ ते ५५ वाल्यांना, आणि ते येणार नाहीत, कारण त्यांना सगळं येतं. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते आलं तेव्हा आमच्या वाडीच्या ग्रुपवर आलेली कितीतरी वादळं आपल्याकडची नव्हतीच. एका व्हिडिओत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालल्या होत्या, खाली 'आत्ता जैतापूर'. टाकणारे सगळे बाबांच्या वयाचे. आजीने बघून लगेच सांगितलं, हे माड आपले नव्हत. व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्ये आपल्याकडे एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा घातली. आमचे काका पाच-पाच करत सगळ्यांना पाठवतात.

पिनचं उत्तर आहे, ताई. 'यूपीआय सर्कल' बघा, २०२४ मध्ये आलं. आजीच्या खात्याला नातवाला जोडून घ्यायचं, तो आपल्याच फोनवरून पैसे देतो, पिन आजीजवळच राहतो. एका प्रकारात ठरलेल्या मर्यादेपर्यंत तो परस्पर देऊ शकतो, दुसऱ्यात दर वेळी आजीने तिच्या फोनवर पिन टाकून हो म्हणावं लागतं. आमच्याकडे दुसरा आहे. आजी आता प्रत्येक वेळी विचारते, 'एवढे कशाला?' भावाला हे अजिबात आवडलेलं नाही.

---

रातपाळी (डोंबिवली, मूळ गाव मालवण तालुका)

ओटीपी ज्याच्याकडे जातो तो मीच समजा. दुपारी दोनला फोन वाजला की ओळखतो, आई सेवा केंद्रात पोचली.

माझ्या आईला फॉर्म भरता येत नाही, मेसेज टाइप करता येत नाही. पण रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं, हे मला तिने सांगितलं. गणपतीची तारीख धरून दिवस तीच मोजते आणि आदल्या रात्री व्हॉइस मेसेज टाकते, 'उद्या सकाळी आठाक तयार ऱ्हव.' आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख देवीच्या कौलाने ठरली की आमच्या घरात पहिला मेसेज तिचाच. तिचा इंटरनेट म्हणजे आम्ही कधी येणार, एवढाच विषय. त्यात ती कोणालाही हार जाणार नाही.

'लास्ट सीन' मात्र मी बंद केलं. पहाटे मी घरी पोचलो की नाही ते ती त्यावरून बघायची, आणि सुट्टीच्या दिवशी रात्री दोनला जागा दिसलो की सकाळी चौकशी. बंद केल्यावर आठवडाभर बोलत नव्हती. आता पोचल्यावर अंगठा पाठवतो, तिला तेवढं चालतं.

गणपतीत आलो की तिचा स्वतःचा नंबर आधारला जोडून घेणार आहे. वर्गात हे आधी सांगा. बाकी सगळं शिकवून ओटीपी माझ्याकडेच येणार असेल तर काय उपयोग.

---

खाडीकाठची

सगळ्यांना एकदमच लिहिते, दुकानात गर्दी आहे.

काल कमिटीत गुरुजींचं 'द्या इकडे' वाचून दाखवलं. अध्यक्ष गप्प बसले, चिटणीस हसले आणि वेळापत्रक परत माझ्या हातात दिलं. म्हणजे मोकळीक मिळाली.

वर्ग जून-जुलैत, होडीवाल्यांचं ऐकून. तुकड्या कामाप्रमाणे. एक रविवार सातबारा आणि पीक पाहणी, एक वारा-पाऊस आणि स्क्रीनशॉट, एक पैशांचा, एक फोटो-सही-पीडीएफचा, एक खोट्या पोलिसांचा आणि खोट्या वादळांचा. ज्याचं जे काम त्याने त्या दिवशी यावं. ओटीपी ज्यांचा परगावी जातो त्यांची यादी मी आधीच करून ठेवतेय, नंबर बदलल्याशिवाय त्यांना पैशांच्या रविवारी बसवून उपयोग नाही.

गुरुजींची लाज मला पटली. म्हणून पहिला अर्धा तास फक्त थोरांचा, दार लावून. मागे कसं जायचं, आवाज कसा वाढवायचा, सगळं तेव्हा विचारून घ्यायचं. त्यानंतर पोरं आत येतील आणि जोड्या लागतील, पण नातू आपल्या आजीबरोबर नाही, दुसऱ्याच्या आजीबरोबर. दुसऱ्याच्या आजीच्या हातातून फोन ओढून घ्यायची पोरांची छाती होत नाही.

बेडूकबाय, पस्तीस ते पंचावन्नवाल्यांना मी विद्यार्थी म्हणून बोलावलंच नाही. खोट्या व्हिडिओंच्या दिवशी 'मार्गदर्शक' म्हणून चौघांना पत्रं दिली आहेत, लेटरहेडवर. चौघेही येतो म्हणाले. आणि यूपीआय सर्कल माझ्या आईच्या फोनवर लावून बघतेय.

---

निवृत्त गुरुजी

दुसऱ्याच्या आजीची योजना उत्तम. परंतु दुसऱ्याच्या नातवाला आमच्या खात्यातील शिल्लक दिसेल, ती संध्याकाळपर्यंत गावभर होईल. हे चालणार नाही.

---

खाडीकाठची

बरोबर आहे, गुरुजी. पैशांच्या रविवारी सरावाला माझा फोन आणि माझं खातं, त्यात १०० रुपये ठेवते. ज्याला पाठवून बघायचेत त्याने वाचनालयाच्या क्यूआरवर एक-एक रुपया पाठवावा.

फळ्यावर लावायची सूचना अशी लिहिलीय, काही राहिलं असेल तर सांगा: 'येताना चार्ज केलेला मोबाईल व चष्मा आणावा. आधार कार्ड, रेशन कार्ड व झेरॉक्स आणू नये. त्या दिवशी फॉर्म भरले जाणार नाहीत.'